डाव्या अंगाचे बोल्ट

आमच्याकडे बर्फ पाहायचा तर मच्छीच्या पेटीत, आणि तोही बाजारात पोचेपर्यंत अर्धा पाणी झालेला. तरी मी एक अख्खा हिवाळा बर्फावर पळणाऱ्या टायरांचा अभ्यास करण्यात घालवला. त्यातून काय मिळालं असं कुणी विचारलं की मी विषय बदलतो. आज बदलत नाही.

नागभीडच्या रस्त्यावर माझं टायर-पंचरचं दुकान आहे. गाव तिथून थोडं आत, तलावाच्या काठाला. वडील पटाचे धुरकरी होते. शंकरपट म्हणजे आमच्या भागातली बैलजोड्यांची शर्यत, आणि जो जोडी हाकतो तो धुरकरी. आमच्या घरी पटाचे बैल कधीच नव्हते. बैल गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचे, त्यांना सगळे मालक म्हणायचे. पण कोणता बैल डावीकडे जुंपायचा, कोणता उजवीकडे, नाल कुठल्या खुराला ठोकायची आणि कुठल्या नाही, हे मालकही बाबांनाच विचारायचे. चार गावांतून लोक यायचे. बाबा बैलाचा पाय उचलून मांडीवर घ्यायचे आणि बराच वेळ खुरावरून अंगठा फिरवायचे. मग बोलायचे त्यावर कुणी वाद घालत नसे.

मग कोर्टाची बंदी आली. बैलांना टोचण्या मारणं, शेपट्या पिरगाळणं हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे बंदीला शिव्या घालायला माझं तोंड उघडत नाही. पण बंदीने बैल सुटले तसे बाबाही सुटले, आणि त्यांना कुठे जायचं ते कुणी सांगितलं नाही. मालकांनी जोडी विकून टाकली. बाबा राईस मिलवर चौकीदार झाले. घरात त्यांचा आवाज ऐकू यायचा तो पाणी मागण्यापुरता. पायऱ्यांवर चपला काढल्याचा आवाज आला की समजायचं, बाबा आले. लोकांनी त्यांना विचारणं सोडलं होतं आणि त्यांनी सांगणं.

पट बंद झाला तशी गावाचीही पंचाईत झाली. पटाला पाहुणे येतात, मंडप टाकून नाटक होतं, तिथेच पोरी दाखवल्या जातात आणि लग्नं जुळतात. पट नाही तर पाहुणे कशाला येतील? शेवटी मंडळाच्या पोरांनी डोकं लढवलं आणि मोटरसायकलींचा पट ठेवला. जागा तलावाच्या पोटातली. हिवाळ्यात पाणी मागे सरलं की काठाची कन्हार जमीन उघडी पडते, म्हणजे काळी चिकण माती. खाली फरशीसारखी घट्ट आणि वर बोटभर शेवाळी चिखल. त्यावर अनवाणी माणूस सरळ चालू शकत नाही, आणि हे शहाणे मोटरसायकली पळवणार होते. मधलं वाळलेलं झाड डाव्या हाताला ठेवून त्याला पाच फेरे मारायचे. पहिल्या वर्षी मी पहिल्याच वळणावर आडवा झालो. मी काय, सगळेच झाले. जो सर्वात कमी वेळा पडला त्याला बक्षीस दिलं. वासरात लंगडी गाय शहाणी.

बाबा त्या दिवशी काठावर आले नव्हते. मी मात्र चिखल पुसत मनाशी ठरवलं, पुढच्या वर्षी जिंकायचं आणि ते बाबांना दाखवायचं. दुसरं काही मला नको होतं. चाळिशीला टेकलेल्या माणसाने बापाच्या शाबासकीसाठी असं झुरावं हे सांगताना आजही लाज वाटते, पण खरं ते खरं.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईल पाहत बसायचो. त्यात कुठल्याशा थंड देशातला एक व्हिडिओ सापडला. गोठलेल्या तळ्यावर हौशी लोक मोटरसायकली पळवत होते, आणि त्यांच्या टायरांतून लोखंडाचे दात बाहेर आले होते. मी तो थांबवून थांबवून किती वेळा पाहिला, हिशोब नाही. तेही डावीकडेच वळत होते, आणि लोखंड जास्त होतं ते टायरच्या डाव्या अंगाला.

मग माझा उद्योग सुरू झाला. आधी वाटलं, घासलेला टायर फुकटचा आहे, तोच घ्यावा. बोल्ट बसवून एक चक्कर मारली तर बोल्ट डुलायला लागले. पातळ रबर त्यांना धरूनच ठेवत नव्हतं. म्हणून मोठ्या चौकोनी ठोकळ्यांच्या नक्षीचा, कडा न तडकलेला टायर शोधला. बोल्ट खाचेत नाही, ठोकळ्याच्या बरोबर मधून जायला हवा. चपट्या डोक्याचा बोल्ट आतून बाहेर काढायचा, बाहेर वायसर आणि नट. आतली डोकी ट्यूब फाडू नयेत म्हणून जुन्या टायरच्या कडा कापून त्याचं अस्तर घालायचं. बोल्ट लांब झाला तर चेनला लागतो, आखूड झाला तर नुसता चिखल खरवडतो. पुढचा मडगार्ड काढून टाकला. हवा किती ठेवायची यात तीन ट्यूब गेल्या. हाताची बोटं फुटली ती वेगळीच, पण काम जमत होतं आणि मी खूश होतो.

एका दुपारी बाबा दुकानावर आले. मिलवरून घरी जाताना ते रोज समोरून जायचे, पण थांबायचे नाहीत. त्या दिवशी थांबले आणि स्टुलावर बसून टायरकडे पाहत राहिले.

"हे का करून राह्यला?"

"गाडीले नाल ठोकून राह्यलो, बाबा."

ते हसले. कित्येक दिवसांनी हसले. टायर ओढून त्यांनी मांडीवर घेतला, अगदी बैलाचा पाय घ्यायचे तसा, आणि ठोकळ्यांवरून अंगठा फिरवत बसले. मी हातातलं काम थांबवलं.

"वळन कोनीकडं हाय?" त्यांनी विचारलं.

"डावीकडं."

"मंग बोल्ट उजव्या अंगाले लाव. खळ्यावर पाह्यलं नाई काय तू? मळणीत आतला बैल नुसता फिरते. बाहीरचा पळते. त्याचीच नाल आधी झिजते. जोर बाहीरच्या अंगाले लागते."

मी टायरकडे पाहत राहिलो. त्यांना वाटलं, मी मन लावून ऐकतोय.

"आन दुसरं आयक. नवी नाल ठोकली का बैल लगेच पळवत नाई. आधी दोन दिवस चालवते. सैल झाली का पुन्हा ठोकते, मंग पळवते. घाई केली तं नाल बी जाते न खूर बी जाते."

"बरं, बाबा," मी म्हणालो.

बैलाच्या बाबतीत ते अगदी बरोबर होतं. पण मोटरसायकल म्हणजे जोडी नव्हे. डावीकडे वळताना ती डावीकडे झुकते, टायरचा डावा खांदा तेवढा जमिनीला लागतो आणि उजवा हवेत राहतो. उजवीकडे बोल्ट लावले असते तर मी पुन्हा पहिल्याच वळणावर लोळलो असतो. हे मला तेव्हाच माहीत होतं. समजावून सांगता आलं असतं, तिथल्या तिथे गाडी झुकवून दाखवता आली असती. पण त्यांच्या तोंडावर जे आलं होतं ते मला घालवायचं नव्हतं. ते गेल्यावर मी बोल्ट डाव्या अंगाला लावले. टोकं कुणाला लागू नयेत म्हणून चाकांना पोतं गुंडाळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी "लावले काय?" असं विचारलं आणि मी "लावले" म्हणालो.

त्यांची दुसरी गोष्ट मात्र मी ऐकली. दोन दिवस तलावाकाठच्या मुरमावर गाडी हळूहळू फिरवली. पहिल्या दिवसानंतर पाहतो तर जवळजवळ प्रत्येक नट सैल झालेला. सगळे पुन्हा आवळले. दुसऱ्या दिवशी थोडेच सैल निघाले, तेही आवळले.

शर्यतीला बाबा धुतलेलं धोतर नेसून आले. माझं पाहून आणखी दोघांनी बोल्टाचे टायर केले होते, पण त्याच सकाळी बसवून. तिसऱ्या फेऱ्याला एकाचे बोल्ट दात पडावेत तसे पडायला लागले आणि दुसऱ्याची ट्यूब फाटली. माझा एकही बोल्ट हलला नाही. मी पाच फेरे न पडता काढले. गावाने मला खांद्यावर घेतलं, माईकवर नाव पुकारलं, पंखा बक्षीस दिला. आणि मी गर्दीत बाबांना शोधत होतो.

बाबा चहाच्या टपरीवर होते. भोवती जुने पटशौकीन, दुसऱ्या गावचे दोन धुरकरी, मालकही होते. बाबांचा आवाज लांबूनच ऐकू आला, जुना, दाणीवरचा आवाज. बैल जिथे पळायचे त्या पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचायचा तो.

"मी सांगतलो ना पोट्ट्याले! म्हनलं, बाहीरच्या अंगाले लाव बोल्ट. खळ्यावरचा बैल पाह्य. त्यानं आयकलं, म्हनून जितला."

"धुरकरी तो धुरकरीच," कुणीतरी म्हणालं. मालकांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. मी तिथे पोचलो तरी माझ्याकडे कुणी वळलं नाही.

माझं डोकं फिरलं. बोटं माझी फुटली, हिवाळा माझा गेला, आणि श्रेय खळ्यावरच्या बैलाला! ज्या माणसाला खूश करायला मी हे सगळं केलं तो माणूस समोर खूश उभा होता, आणि मला ते सहन झालं नाही. मी गाडी ओढत आणली, स्टँडवर लावली आणि मागच्या चाकावरचा चिखल हाताने पुसला.

"पाहा, बोल्ट कोन्या अंगाले हायेत," मी म्हणालो. "डाव्या. बाबाचं आयकलो असतो तं तोंडघशी पडलो असतो."

आधी माना चाकाकडे वळल्या. मग सगळे हसले. मालक सर्वात मोठ्याने हसले. वाईट मनाने नाही, पटावर हसतात तसं. बाबा खाली वाकले, चाक हाताने थोडं फिरवलं आणि टायरवर अंगठा ठेवला. "हो," ते म्हणाले, "डाव्याच अंगाले हायेत." त्यांनी हातातला चहा पुरता पिऊन टाकला, कप टपरीवर ठेवला आणि घरी गेले.

बाकीच्यांचे बोल्ट गळाले आणि माझे टिकले ते बाबांमुळे, हे मला तेव्हाही माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. लोक तिथेच होते. पण तेवढं बोलायला माझी जीभ वळली नाही. बाप चुकला ते चारचौघांत दाखवलं, बरोबर ठरला ते गिळून टाकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पंखा अजून दुकानात फिरतो आहे.

बाबा रागावले असते तर मिटलं असतं. ते रागावलेच नाहीत. दुकानासमोरून जाताना हात करायचे, पण थांबायचे नाहीत. बैलांचा विषय त्यांनी टाकून दिला. पोळ्याला शेजाऱ्याने बैल दारात आणला तर दुरून नमस्कार केला, पायाला हात लावला नाही. मला वाटायचं, होईल कमी हळूहळू. मीही काही बोललो नाही, आणि यात वर्षं गेली.

मग बंदी उठली. आमच्याकडे पुन्हा बैलांचा पट ठरला आणि मोटरसायकलींना कुणी विचारेना, ते ठीकच झालं. एका सकाळी मालक नवी जोडी घेऊन आमच्या अंगणात आले. तरणे, पांढरेशुभ्र बैल. मागे अर्धं गाव.

"भाऊ, हाकाले नाई सांगत तुमाले, वय झालं," मालक म्हणाले. "फक्त पाहून द्या. कोनता डावा, कोनता उजवा. नाल ठोकाची का नाई. तुमी सांगान तसं करतो."

मी दारातच उभा होतो. मला फार आनंद झाला. बाबा ओट्यावरून उठले, बैलांजवळ गेले, चार पावलांवर थांबले. हात पुढे झाला आणि परत मागे गेला.

"माह्या पोराले विचारा," ते म्हणाले. "मले यातलं काई समजत नाई."

मालक हसायला लागले, त्यांना थट्टा वाटली. मलाही वाटलं, टोमणा असेल, आणि टोमणा असता तर मी तो डोक्यावर घेतला असता. पण बाबांच्या तोंडावर टोमणा नव्हता. त्यांना जे खरं वाटत होतं तेच ते सांगत होते. मालकांनी दोनतीनदा विनवलं, मग जोडी घेऊन शेजारच्या गावातल्या धुरकऱ्याकडे गेले. माणसंही त्यांच्या मागे गेली.

अंगण रिकामं झाल्यावर मी बाबांपुढे बसलो आणि सगळं बोललो. दोन दिवस गाडी चालवली ते, सैल नट पुन्हा आवळले ते, दुसऱ्यांचे बोल्ट गळाले आणि माझे का गळाले नाहीत ते. "तुमचं आयकलो म्हनून जितलो, बाबा. खरंच सांगतो."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"राहू दे रे," ते म्हणाले. "म्हाताऱ्याले बरं वाटावं म्हनून बोलून राह्यला तू. त्याची काई गरज नाई." आणि डबा उचलून ते मिलवर निघून गेले.