प्रतिक्रियांच्या दाराशी

पालक चिरायचा, गरम पाण्यात बुडवायचा, ते पाणी फेकायचं, पुन्हा बुडवायचा, पुन्हा फेकायचं आणि मग शिजवायचा. एवढं केल्यावर त्याला पालकाची चव राहत नाही, पण त्यातलं पोटॅशियम कमी होतं आणि डायलिसिसवरच्या माणसाचा जीव चवीवर नाही, त्या पोटॅशियमवर असतो. माझ्या नवऱ्याच्या किडन्या कामातून गेल्या तेव्हा हे मला कुणीही नीट सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, "पथ्य सांभाळा." आहारतज्ज्ञ बाईंनी एक छापील कागद हातात दिला, त्यावर ऑलिव्ह तेल आणि ब्लूबेरी होत्या. पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या भाजीवाल्याकडे ब्लूबेरी मागायची माझी हिंमत झाली नाही. त्या कागदाच्या रागानेच मी ब्लॉग सुरू केला. आपल्या घरात जे शिजतं, तेच अशा माणसाच्या पानात कसं वाढायचं, एवढाच त्याचा विषय.

लेख मी लिहायचे. खाली लोक प्रतिक्रिया टाकायचे आणि त्यांना उत्तरं द्यायचा नवरा. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत नमुने तपासण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे उत्तर देताना तो अजिबात फापटपसारा लावत नसे. आजाराच्या सुरुवातीला मित्र भेटायला येत, केळी आणि शहाळी घेऊन येत, जी त्याला चालत नसत. मग कधीतरी ते यायचे थांबले. त्याचा राग नवऱ्यापेक्षा मला जास्त येतो, अजूनही येतो. आठवड्यातून तीनदा मशीन आणि उरलेले दिवस मशीनचा थकवा, यात त्याला बोलायला उरली ती प्रतिक्रियांमधली माणसं.

त्यांतला त्याचा सगळ्यात लाडका होता उरणकडच्या कोळीवाड्यातला एक माणूस. सहीच्या जागी तो 'नाखवा' असं लिहायचा. नाखवा म्हणजे होडीचा मालक. होडी आता भाऊ चालवायचा, हा आमच्यासारखाच मशीनच्या वाऱ्या करायचा. त्याची पहिली प्रतिक्रिया मला पाठ आहे. "ताय, आख्खा जल्म पान्यान गेला, आन् आता डाक्टर बोलतो पानी मोजून पी. सुकट धुवून धुवून खाल्ली तं चालंल का?" नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने लिहिलं, "नाही चालणार. कितीही धुतलीत तरी मीठ आत असतं. ताजी मासळी खा, पण बेताने." त्यावर नाखवा म्हणाला, "ताजी इकाची, सुकी खावाची, ह्यो आमचा कायदा हाय दादा. आता उलटा कराचा म्हनता?"

तेव्हापासून त्यांचं सुरू झालं. दोघं पालकाच्या त्या एकाच जुन्या लेखाखाली बोलायचे, कारण नाखव्याच्या मुलीने फोनवर तेवढाच दुवा ठेवून दिला होता. वरचा लेख तो वाचतच नसे. थेट खाली यायचा. मशीनने अंगातलं किती लिटर पाणी काढलं, हातात कळ येते का, आज नर्सने सुई नीट लावली का, असं सगळं. मध्येच मासळीचा भाव. पनवेल ते उरण अंतर ते किती, पण दोघांचे मशीनचे वार वेगळे आणि मशीन नसेल त्या दिवशी दोघांतही जिना उतरायची ताकद नसायची. प्रत्यक्ष भेट कधी झालीच नाही.

एकदा फिस्टुल्यात, म्हणजे मशीनची सुई टोचायला हातात जोडून केलेल्या शिरेत, गुठळी झाली म्हणून आम्ही दोन-तीन दिवस हॉस्पिटलात होतो. घरी येऊन बघते तर त्याच लेखाखाली कुणी अनोळखी माणसाने लिहिलेलं, "डायलिसिस कायमचं बंद! किडनी पुन्हा जिवंत करणारा काढा," आणि फोन नंबर. त्याखाली नाखवा. "दादा, ह्यो काडा घेवाचा का? तुमचे पानावर हाय म्हनून इचारतो."

काढेवाला कुठला कोण, पण नाखव्याच्या लेखी तो आमच्या घरात बसून बोलत होता. आमच्या घरात बसलेला माणूस खोटं कशाला बोलेल? नवरा तर भडकलाच. त्याने लिहिलं, "काढा घेऊ नका. मशीन चुकवलीत तर मराल. असलं काही पुन्हा विचारू नका." मी म्हटलं, "अहो, जरा गोडीने लिहा." तो म्हणाला, "गोडीने लिहायला वेळ आहे का त्याच्याकडे?" नाखव्याचं उत्तर आलं, "नाय इचारनार." काढेवाल्याची जाहिरात मी पुसली. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या नावाने पुन्हा हजर.

मग माझ्या डोक्याने घेतलं की दारावर कुणीतरी बसवायलाच हवं. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत असलेली भाची फोनवर म्हणाली, "मावशी, ब्लॉगच्या स्वतःच्या प्रतिक्रिया बंद कर. बाहेरच्या कंपन्यांच्या प्रतिक्रिया-पेट्या मिळतात, कोडचा एक तुकडा आपल्या पानात चिकटवायचा, बाकी सगळं ते बघतात. भुरटे लोक आपोआप अडतात." ऐकायला छान होतं. नवऱ्याने मात्र नमुना तपासल्याशिवाय आजवर काही पास केलेलं नाही. तो म्हणाला, "आधी नेरे गावच्या मळ्यावरच्या भाजीचा जुना लेख घे, जिथे कुणी फिरकत नाही. तिथे लावून बघू."

पहिली पेटी फुकटची होती. दिसायला देखणी, अक्षर स्वच्छ. भाचीने फोनवर सांगितलं तसं मी चिकटवलं आणि पान ताजं केलं. पेटीच्या खाली चार चौकोनी चित्रं आली. त्यांतल्या तिसऱ्यात पांढऱ्या दाढीचे एक बाबा हसत होते आणि खाली लिहिलं होतं, "किडनीसाठी रामबाण, डॉक्टरही थक्क." फुकटच्या पेटीचा खर्च या जाहिरातींवर निघतो, आणि पानावर किडनी हा शब्द असेल तर जाहिरातही किडनीचीच येते, असं भाचीने समजावलं. म्हणजे ज्याला बाहेर ठेवायला रखवालदार नेमला, तोच भाडं देऊन रखवालदाराच्या मांडीवर बसलेला. नवरा कोरडं हसला आणि म्हणाला, "नापास."

दुसऱ्या पेटीत जाहिराती नव्हत्या. वर्षाचे पैसे भरायचे होते, तेही भरले असते. पण तिथे लिहिण्याआधी आपलं खातं उघडून आत यावं लागे. आम्ही मुद्दाम नाखव्यालाच दुवा देऊन तिथे लिहून बघायला सांगितलं. खूप वेळाने एक प्रतिक्रिया आली. शेजारी मुंडावळ्या बांधलेल्या, हिरवा चुडा भरलेल्या नवरीचा फोटो, वर तिचं आडनावासकट नाव, आणि मजकूर, "दादा, परसाकडं घट होतंय, काय खाऊ?" फोन मुलीने दिलेला तिचा जुना, त्यामुळे खातं मुलीचं आणि फोटो तिच्या लग्नातला. आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्या वर्षात तसं हसल्याचं मला दुसरं आठवत नाही. मग नवरा म्हणाला, "ही मुलगी सासरी नांदतेय की नाही? तिच्या नावाने हे जगभर दिसणार. काढ ते आत्ताच." मी काढलं.

राहिला तिसरा मार्ग, ब्लॉगच्या आहे त्याच पेटीला एक कडी लावायचा. कुणीही लिहावं, नाव-गाव काही विचारायचं नाही, पण लिहिलेलं लगेच दिसणार नाही. ते आधी माझ्याकडे येईल, मी बघेन, बटण दाबेन, मग दिसेल. नवऱ्याला हे फारसं आवडलं नाही. तो म्हणाला, "तू जागेवर नसलीस की?" मी म्हटलं, "मी कुठे जातेय?" वैतागून म्हटलं, कारण रोज सकाळी काढेवाल्यांची घाण मला पुसावी लागत होती, त्याला नाही. कडी लावली. नवा लेख टाकून रीतसर सूचनाही लिहिली की यापुढे प्रतिक्रिया वाचून मगच प्रसिद्ध होतील, उशीर झाल्यास गैरसमज नसावा. पालकाच्या जुन्या लेखावर ती सूचना दिसणार नव्हती, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

त्याच आठवड्यात नवऱ्याच्या फुप्फुसात पाणी भरलं. ओठ निळे पडले. रिक्षातून नेलं, थेट अतिदक्षता विभागात. पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. काचेतून दिसणारे त्याचे पाय आठवतात, बाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईने दिलेला डबा आठवतो. ब्लॉग म्हणून काही असतं, हे डोक्यातच नव्हतं. ब्लॉगची मेल फक्त घरच्या कॉम्प्युटरवर उघडायची, फोनवर मी ती कधी घेतलीच नव्हती.

तो वाचला. घरी आला, खुर्चीत टेकला, श्वास खाली बसल्यावर पहिलं विचारलं, "नाखव्याचं काय?"

मी कॉम्प्युटर लावला. काढेवाल्यांची रांग होती. अधूनमधून नाखवा.

"दादा, काडावाला आमचे कोलीवाड्यान आलाय. दोन घरांनी घेतला. मशीन बंद कराला सांगतो. तुमी इचारू नको बोलला व्हता, पन इचारतो. घेऊ का?"

त्यानंतर, "लिवलं तं दिसत नाय. माजं पुसता का दादा?"

त्यानंतर, "रागावलाव. बराबर हाय. तुमी नाय बोलला व्हता आन् मी परत इचारला. आता नाय तरास देनार."

नवरा माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्याचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. मी म्हटलं, "बसा तुम्ही." तो बसला नाही. रांगेत सगळ्यात खाली एक प्रतिक्रिया होती, सही नसलेली, शाळेत शिकलेल्या मराठीत.

"मी नाखवांची मुलगी. बाबा गेले. मशीनला जायचं त्यांनी बंद केलं होतं, काढा घेत होते. आम्ही खूप सांगितलं. तुम्ही सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. ते म्हणायचे, दादा माझं लिहिलेलं पुसतात, दादा रागावलेत. तुम्ही खरंच रागावला होता का?"

मला रडू आलं नाही. मला त्या काढेवाल्याला धरून मारावंसं वाटलं, आणि मग त्या कडीला, जी मी माझ्या हाताने लावली होती. प्रतिक्रियेच्या खाली नेहमीची दोन बटणं होती, 'प्रसिद्ध करा' आणि 'काढून टाका'. एका माणसाच्या मरणाची बातमी, आणि ती दिसावी की नाही हे मी ठरवायचं.

"सगळी प्रसिद्ध कर," नवरा म्हणाला. "मुलीची पण, नाखव्याची पण."

मी एकेक बटण दाबलं. पालकाच्या लेखाखाली नाखवा पुन्हा उगवला, घेऊ का, पुसता का, रागावलाव, आणि त्याखाली त्याची मुलगी. मग नवऱ्याने मला बाजूला केलं. उजव्या हातात सलाईनची सूज होती आणि फिस्टुल्याच्या हाताने तो कधी काही करत नसे, पण त्या हाताने त्याने एकेक अक्षर शोधून लिहिलं, "नाही. मी रागावलो नव्हतो. काढा घेऊ नका."

ते ताबडतोब दिसलं. आमच्या स्वतःच्या लिहिण्याला थांबावं लागत नाही.