पुढच्या वर्षीची पाळी

अबुधाबीबाहेर कंपनीच्या कॅम्पात मी आचारी होतो, आणि बास्केटबॉलमध्ये मेसच्या टीमचा मॅनेजर. मॅनेजर का, तर चेंडू माझ्या तांदळाच्या खोलीत ठेवायचे म्हणून. चौथीपर्यंतसुद्धा शाळेत टिकलो नव्हतो मी.

टीमा चार: मेस, गॅरेज, स्टोअर, लाँड्री. स्टोअरचा फिलिपिनो सगळं अमेरिकेतल्यासारखं चालवायचा. दर वर्षी नवीन माणसं आली की टीमांनी पाळीपाळीनं एकेक उचलायचा, मग तो कामाला कुठंही असो. गेल्या वर्षी तळाला असलेल्या टीमची पाळी पहिली. पुढची पाळी दुसऱ्या टीमला आगाऊ देऊन तिचा खेळाडू घेता यायचा. मी घेतला. गॅरेजच्या मलबारी फोरमनकडून साडेसहा फुटी पंजाबी ड्रायव्हर, बदल्यात आमची पुढच्या वर्षीची पाळी. फिलिपिनोनं कागदावर अट घातली.

"तुम लास्ट आया तो फर्स्ट नंबर तुम्हारा ही रहेगा. लास्ट नहीं आया तो गॅरेज का."

"हबीबी, हम लास्ट कैसे आएगा?" म्हणून मी अंगठा ठोकला.

पंजाबी उंच होताच. फक्त चेंडू आला की डोळे मिटायचा. आम्ही सगळ्या मॅचा हरत गेलो.

तेवढ्यात फोनवर बायको म्हणाली, माझ्या धाकट्या भावाचा व्हिसा आला, तुमच्याच मेसमध्ये हेल्पर म्हणून. पोरगा जिल्ह्याकडून खेळलेला. "तुमच्याच टीममध्ये घ्या. नजरेसमोर राहील."

"इन्शाल्ला."

"मराठीत सांगा."

"घेतो."

शेवटची मॅच लाँड्रीशी. तेही सगळ्या हरलेले. आता हरलो तर पहिली पाळी आपली, मेहुणा आपला. जिंकलो तर पाळी गॅरेजची. म्हणजे मला जे येतं तेच करायचं होतं. खात्री असावी म्हणून मी स्वतःच खेळायला उतरलो.

शेवटच्या मिनिटाला स्कोर सारखा, आणि चेंडू माझ्या हातात. कडेनं फोरमन म्हणतोय, "डालो चाचा, यल्ला." चुकावा म्हणून मी डोळे मिटून फेकला. उघडले तेव्हा टीमनं मला उचललं होतं. आयुष्यातली माझी एकुलती एक बास्केट. टाळ्या सगळ्यात जास्त फोरमनच्या.

मेहुणा आला. लाँड्रीनं एक दांडगा पठाण उचलला आणि आमच्या पाळीवर गॅरेजनं मेहुणा. मी महिनाभर घरी फोन केला नाही. दिवसा तो माझ्याकडे कांदे कापायचा, आणि प्रॅक्टिस झाली की फोरमन त्याला इंजिन खोलायला शिकवायचा. एक दिवस सुरी खाली ठेवून म्हणाला, "दाजी, गॅरेजात बदली होतेय माझी. मेकॅनिक म्हणून."

मग मात्र मी लगेच फोन लावून बदलीचं सांगितलं. बायको म्हणाली, "एवढं लांबचं सुचलं कसं हो तुम्हाला?"

"विचार करावा लागतो," मी म्हणालो.

पुढच्या सीझनची पहिली मॅच गॅरेजशीच पडली. मेहुणा माझ्यासमोर हात पसरून उभा. "दाजी, डोळे मिटूनच टाका."

मी मिटले. चेंडू मेसच्या पत्र्यावर गेला. हरलो, पण या खेपेची पाळी मी कुणालाच दिलेली नव्हती.