पंचेवाल्यांची काकू

आमच्या चाळीतल्या बोटवाल्या काकूला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि दर रविवारी दुपारी ती आम्हाला इंग्रजी पुस्तकं वाचून दाखवायची. अगदी रीतसर. चष्मा लावून, ओळींवर बोट फिरवून, माणसागणिक आवाज बदलून. मॅट्रिकला इंग्रजीतच आपटलेले दोघे-तिघे दाराशी उभे राहून ऐकायचे आणि माना डोलवायचे. मला तेव्हा थोडंफार इंग्रजी वाचता यायला लागलं होतं. आगाऊपणा अंगात होताच. एकदा मी म्हटलं, "काकू, तिथे तसं लिहिलेलं नाहीये." ती माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाली, "लिवणाऱ्यान काय लिवल्यान ता तेका म्हायत. माका चित्र दिसता." मीही मग चित्रंच बघायला लागले.

लालबागच्या त्या चाळीत सगळे गिरणीत जाणारे. बोटीवर नोकरी करणारे फक्त काकूचे यजमान, म्हणून ती बोटवाली. ते वर्ष-दीड वर्षाने घरी यायचे आणि येताना ट्रंकेतून वासाचे साबण, पावडरीचे डबे आणि तळाला ही चित्रांची पुस्तकं आणायचे. बोटीवरच्या गोऱ्या लोकांनी वाचून टाकून दिलेली. कुणाचं वरचं पान फाटलेलं, कुणाचं शेवटचं. काका ती आणत त्यांच्या एकुलत्या एका मुलासाठी, सदासाठी. पण सदा एकटा कसला वाचतोय! काकूची घरगुती खानावळ होती. रविवारी गिऱ्हाईकांची जेवणं उरकली की ती सूप घेऊन तांदूळ निवडायला बसायची, पुस्तक सदाच्या मांडीवर, आणि सगळ्या मजल्याची पोरं भोवती.

त्या पुस्तकांतले नायक म्हणजे एकेक नमुने होते. कुणी उडायचा, कुणी भिंतीतून आरपार जायचा, कुणी आगगाडी नुसत्या छातीने अडवायचा. सगळ्यांच्या गळ्याला मागे लांबलचक फडकं बांधलेलं. काकूने त्यांचं नाव पंचेवाले ठेवलं. सगळी जात एकच, पंचेवाले. "ही माणसं आंघोळीसून उठान तशीच धावतत," असं तिचं म्हणणं. एका पोराने विचारलं, चड्डी विजारीच्या वरून का घालतात? "घाईत आसतत रे. लोकां मरतत थंय, आणि हे काय आरसो बघीत बसतले?" झालं समाधान. पान उलटायची घाई केली की मात्र ती हातावर फटका द्यायची. "धीर धर मेल्या, तो अजून हवेत आसा!"

आता हे कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं, की एकाच पंचेवाल्याची चित्रं वेगवेगळे चितारी काढतात. पुस्तकं तर मागची पुढे, पुढची मागे, कशीही आलेली. एका पुस्तकात त्याची हनुवटी चौकोनी, दुसऱ्यात लांबट. एकात पंचा लालभडक, दुसऱ्यात शाई उडालेली म्हणून फिकट गुलाबी. आम्ही गोंधळायचो. काकू नाही गोंधळायची. ती चित्र दूर धरून नीट न्याहाळायची आणि सांगायची, "तो गेलो. ह्यो दुसरो आसा."

तिचा हिशेब सरळ होता. जो माणूस रोज उठून आगीत उडी मारतो, तो किती दिवस जगणार? कधीतरी मरणारच. मग शेजारचाच कुणीतरी त्याचे कपडे अंगावर चढवतो आणि सकाळी उभा राहतो. हे छापत नाहीत, कारण लोकांना कळता कामा नये. "लोकांनी धीर सोडलो तर?" म्हणायची. सदा लहान असताना त्याने विचारलं होतं, दुसऱ्याला ते कपडे बरोबर कसे होतात? काकू म्हणाली, "होनत नाय. बसवन घेवचे लागतत." आम्हाला ते इतकं पटलं होतं की आम्ही खेळतानासुद्धा तसंच खेळायचो. एक मेला की दुसऱ्याने त्याचा टॉवेल गळ्यात बांधायचा आणि गॅलरीतून ओरडत सुटायचं. एकच टॉवेल संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात फिरायचा.

सदा मोठा झाला, गिरणीत बदली कामगार म्हणून लागला, मिशी फुटली, तरी रविवारी दाराच्या चौकटीला टेकून भांग पाडत उभा राहायचा. भांग कसला पाडतोय, कान सगळा आत! माझा थोरला भाऊ बबन त्याचा जिवाभावाचा दोस्त. दोघे एकाच ताटात जेवायचे, एकाच बिडीवर दोघांचं भागायचं. आई म्हणायची, देवाने एक आत्मा दोन खोल्यांत ठेवलाय.

मग तो हिवाळा आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, वेगळी राहणार, अशी बातमी रेडिओवर आली आणि लालबाग पेटलं. गिरण्यांचे भोंगे झाले तरी माणसं आत जाईनात. रस्त्यावर दगडांचा खच, नाक्यानाक्यावर पोलीस. काकू काही घाबरट बाई नव्हती. "मुंबई काय ह्यांच्या बापाशीची?" म्हणत तिने मोर्च्याच्या पोरांना भाकऱ्या बांधून दिल्या. चटणीही दिली. सदा आणि बबन त्या भाकऱ्या घेऊनच जिना उतरले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी बबन एकटा आला. त्याचा सदरा फाटला होता. मग त्याने जे सांगितलं ते असं. मोर्च्याच्या पुढे एक माणूस फलक घेऊन चालला होता. गोळी लागून तो पडला. सगळे बाजूच्या गल्लीत पळाले, बबनही पळाला. सदाही त्याच्याबरोबर गल्लीच्या तोंडाशी पोचला होता. तिथून तो परत फिरला, रस्त्याच्या मध्ये गेला आणि पडलेला फलक त्याने उचलून उभा धरला. पुढची गोळी त्याला लागली.

बायकांनी हंबरडा फोडला. काकू रडली नाही. तिने बबनला विचारलं, "फलक कोणाचो होतो?"

"त्या पडलेल्या माणसाचा, काकू. कोण होता मला माहीत नाही."

"आणि ह्येनी उचलल्यान?"

"हो."

काकू मटकन खाली बसली. "मीच शिकवलंय तेका," ती म्हणाली. "माझ्या तोंडान शिकवलंय." बायका म्हणाल्या, असं बोलू नका हो, नशीब एकेकाचं. पण मला कळलं ती काय म्हणत होती. तिथे असलेल्या प्रत्येक पोराला कळलं.

बबनला तेव्हापासून झोप नव्हती. आपण पळालो आणि तो फिरला, हे त्याला आतून खात होतं. काही आठवड्यांनी पुन्हा मोर्चा ठरला. त्या सकाळी तो काकूच्या दारात जाऊन उभा राहिला. "काकू, सदाचा निळा शर्ट दे. आज मी पुढे असणार."

आई त्याच्या मागे धावली, मी आईच्या मागे. वडिलांनी त्याला आदल्या दिवशीच सांगून पाहिलं होतं, हात जोडले होते. काही उपयोग नव्हता. मला एकच भाऊ. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, हा आता परत येत नाही.

"कित्याक व्हयो शर्ट?" काकूने विचारलं.

"तूच सांगतेस ना, एक गेला की दुसरा घालतो?"

काकूने खाटेखालून ट्रंक ओढली आणि सगळी पुस्तकं जमिनीवर उपडी केली. "देतंय शर्ट," ती म्हणाली. "पण आधी ह्यातल्या एका तरी पंचेवाल्याची आय माका दाखव. जिती आय. दाखव आणि शर्ट घेवन जा."

बबन हसला. त्यात काय मोठंसं! बसला मांडी घालून आणि पानं उलटायला लागला. पंचेवाल्याची मैत्रीण सापडली. एक म्हातारा मास्तर सापडला, एक काका सापडला. एक म्हातारी सापडली, पण ती रस्ता ओलांडणारी परकी बाई निघाली. एका पुस्तकात पहिल्या पानावर बाळाला घेऊन बसलेली बाई होती. बबन ओरडला, "ही बघ!" काकू म्हणाली, "पान उलट." दुसऱ्या पानावर बाळाचा पंचेवाला झाला होता आणि बाईची नुसती तसबीर भिंतीवर होती. खाली मोर्चा आला. घोषणांनी खोलीतली भांडी थरथरायला लागली. बबन उठला की काकू पुढचं पुस्तक त्याच्या हातात द्यायची. "ह्यात बघ. ह्यात आसात." तो घाईघाईने, मग रागाने, मग वेड्यासारखा पानं उलटत राहिला. एक पान फाटलं. एकाही पंचेवाल्याला आई नव्हती. घोषणा लांब गेल्या, ऐकू येईनाशा झाल्या.

"आय जिती आसती तर तिनी हेंका घराभायर सोडल्यान नसता," काकू म्हणाली. "म्हणान आधी तिका मारतत. मगे हे उडाक मोकळे." मग तिने दाराकडे हात केला. "तुझी आय ती बघ, थंय उभी आसा." बबनने आईकडे पाहिलं आणि त्या पसाऱ्यात डोकं खुपसून तो ओक्साबोक्शी रडला.

माझा भाऊ वाचला. पण त्याने काकूला माफ केलं नाही. नाक्यावरच्या पोरांनी त्याला घरकोंबडा म्हणायला सुरुवात केली, एकाने तर बांगड्या आणून दिल्या. तो काकूशी बोलायचा बंद झाला. एका मजल्यावर राहून, एका नळावर पाणी भरून, तिची चाहूल लागली की हा तोंड फिरवायचा. आई त्याला बोल बोल बोलली. "तिने मला बायकांत बसवलं," एवढंच तो म्हणायचा. काकूने कधी तक्रार केली नाही, पण तो समोरून गेला की तिच्या हातातलं काम थांबायचं.

पावसाळा सरताना काका घरी आले. पत्र त्यांच्या बोटीच्या मागे मागे बंदरोबंदरी फिरत होतं, त्यांना मिळालंच नव्हतं. जिन्याखालूनच त्यांनी हाक मारली, "सद्या, ट्रंक धर रे!" खाली जायची कुणाची छाती होत नव्हती. शेवटी बबन खाली गेला आणि त्याने ट्रंक धरली. काकांनी विचारलं, "सदा खंय?" बबनने ट्रंक खाली ठेवली आणि वर पाहिलं. वर दारात काकू उभी होती. तिच्याकडे बघूनच काकांना कळलं, ते तिथेच पायरीवर बसले. त्या माणसाच्या रडण्याचा तो आवाज मला पुन्हा कधी ऐकू येऊ नये.

त्या ट्रंकेतही पुस्तकं होती. बरेच दिवस ती तशीच पडली. मग एकदा काकूनेच मला एक दाखवायला लावलं. नाव मी वाचलं. ते जुन्याच एका पंचेवाल्याचं होतं, आमच्या ओळखीच्या. पण माणूस निराळा, पोशाख निराळा, चेहरा कोवळा. ह्या खेपेला चिताऱ्याचा फरक नव्हता. माझा नातू ह्या विषयात पंडित आहे. तो सांगतो, आजी, तेव्हा बरेचसे जुने नायक बंद पडले होते, तर त्यांचीच नावं देऊन नवीन माणसं उभी केली, आणि पुढे तर रीतच पडली, एक मेला की दुसरा तोच पोशाख घालतो. म्हणजे काकू इतकी वर्षं चुकीचं सांगत होती आणि शेवटी ते खरं झालं. तिने ते चित्र दूर धरून बराच वेळ पाहिलं. "तो गेलो," एवढंच म्हणाली. पुढचं वाक्य तिच्या तोंडून आलं नाही. त्यानंतर रविवारी वाचन झालं नाही, कधीच.

पुढे राज्य झालं. मुंबईसकट झालं. लालबागला दिवाळी होती म्हणा ना, चाळीवर दिव्यांच्या माळा, पेढे, गुलाल, बँड. संध्याकाळी नाक्यावर मांडव घालून सभा ठेवली होती आणि गोळीबारात गेलेल्यांच्या घरच्यांचा सत्कार होता. काका बोटीवर होते. काकू एकटीच हिरवं लुगडं नेसून गेली. शाल आणि नारळ घेऊन व्यासपीठावरच्या खुर्चीत बसली. कुठलेसे वक्ते होते, आवाज खणखणीत. ते काकूकडे हात करून म्हणाले, "ह्या माउलीचा एक सदा गेला! पण त्याच्या जागी आज शंभर सदा उभे आहेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या.

काकू उठली. तिने नारळ खुर्चीवर ठेवला आणि ध्वनिक्षेपकापाशी गेली. वक्त्यांना वाटलं माउली आशीर्वाद देतेय, ते बाजूला झाले.

"माका शंभर नको," ती म्हणाली. "माझो एक दिया."

ती उत्तराची वाट बघत तिथेच उभी राहिली. वक्त्यांनी हाताने खूण केली तसा बँड सुरू झाला. तेव्हा माझ्या शेजारचा बबन उठला. गर्दीतून वाट काढत वर गेला आणि तिच्यासमोर उभा राहिला. "चल, काकू," तो म्हणाला, "घरी चल."

तिने त्याच्याकडे पाहिलं. "जेवलंस रे?"

"नाय."

दोघे दिव्यांखालून चालत चाळीत आले, मागे मी. काकूने स्टोव्ह पेटवला, भात टाकला. बबन पाटावर बसला. तिने त्याला वाढलं, आणि तो खाली मान घालून जेवला.