त्या फोर्टला भिंत नव्हती

“ही टेकडी कुठून आली?” डॉरिसनं विचारलं.

स्पीकरफोनवर तिचा आवाज अगदी शांत होता. अमेरिकेतल्या बॉथेल गावातल्या आमच्या ऑफिसात कॉन्फरन्स टेबलाशी आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा मॅनेजर शिरीष. भिंतीवरच्या स्क्रीनवर मी केलेला किल्ला गोल फिरत होता. डोंगरांपलीकडे, एका छोट्या गावातल्या म्युझियममध्ये, तोच किल्ला डॉरिस तिच्या कॉम्प्युटरवर बघत होती.

“किल्ला टेकडीवर नसतो?” मी म्हणाले.

“आमचा सपाटीवर होता. इथे टेकडी बघायची तर गाडी काढून जावं लागतं. आणि ही भिंत कसली?”

“भिंत नाही, तट आहे तो,” मी शिरीषकडे वळून मराठीत पुटपुटले.

शिरीषनं म्यूटचं बटण दाबलं. “मुक्ता, गप्प बस, यार. ती क्लायंट आहे.” मग बटण सोडून तो इंग्रजीत गोड आवाजात म्हणाला, “डॉरिस, हे नुसतं प्लेसहोल्डर आहे.”

प्लेसहोल्डर म्हणजे खरी गोष्ट हातात येईपर्यंत तिच्या जागी ठेवलेली खोटी गोष्ट. आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे. आमची कंपनी म्युझियमसाठी किऑस्क बनवायची. किऑस्क म्हणजे कोपऱ्यात उभा केलेला टचस्क्रीन. मोठी माणसं त्याला घाबरत बोट लावतात, मुलं दोन्ही हात लावतात आणि आइस्क्रीमचे ठसे ठेवून जातात. २००६ साली आम्हाला एका जुन्या फ्रंटियर फोर्टचं काम मिळालं. अमेरिका पश्चिमेकडे पसरत होती तेव्हा सैन्यानं जागोजागी अशा चौक्या बसवल्या होत्या. ह्या फोर्टचे आता फक्त पायाचे दगड उरले होते. तो स्क्रीनवर पुन्हा उभा करायचा आणि त्यातला एक दिवस दाखवायचा, एवढं माझं काम.

डॉरिस जुन्या नकाशाची कॉपी पाठवणार होती. तिला उशीर झाला. शिरीषला म्युझियमच्या बोर्डासमोर डेमो ठेवायचा होता. “काहीतरी फोर्टसारखं टाक,” तो म्हणाला.

मी साताऱ्याची. आमच्या गच्चीतून किल्ला दिसतो. दर दिवाळीला मी माती कालवून अंगणात किल्ला केलेला आहे. कॉलेजात असताना सुट्टीचा दिवस म्हणजे कुठला तरी गड चढायचा, हे ठरलेलं. ‘फोर्टसारखं’ म्हटल्यावर माझ्या हातांनी मला विचारलंसुद्धा नाही. टेकडी झाली. तट झाला. बुरूज झाले. दोन बुरुजांच्या मधून वळत जाणारी, बाहेरून न दिसणारी वाट आणि तिच्या टोकाला महादरवाजा झाला. मागच्या बाजूला चोरदरवाजा. वर पाण्याचं टाकं. दिवाळीत किल्ल्यावर आपण अळीव पेरतो, त्या आठवणीनं एका कोपऱ्यात मी हिरवा वाफाही काढला.

“एक गोष्ट बरोबर आहे,” डॉरिस फोनवर म्हणाली. “भाजीचा मळा. तो होता. सैनिकांना स्कर्व्ही व्हायचा, म्हणून सैन्य भाज्या लावायला लावायचं. हे तुला कसं माहीत?”

“अभ्यास,” शिरीष म्हणाला.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच कॅस्केड डोंगर ओलांडून ड्राइव्ह करत तिकडे गेले. डोंगर संपले की झाडंही संपतात. नुसतं सेजचं खुरटं झुडूप आणि वारा. डॉरिस गावातली निवृत्त शिक्षिका. बारीक, ताठ, डोक्यावर मळकी हॅट. म्युझियम तिनंच उभं केलेलं आणि तीस वर्षं तीच चालवत होती, बिनपगारी. तिनं मला मोकळ्या मैदानात नेलं. चार कोपऱ्यांना चार खांब रोवलेले होते.

“हे परेड ग्राउंड. ह्या बाजूला अधिकाऱ्यांची घरं, समोर सैनिकांच्या बराकी. ते हॉस्पिटल, ती बेकरी. तिकडे धोबिणी राहायच्या. झालं, हाच फोर्ट.”

“आणि बाहेरून संरक्षण?”

“बाहेर म्हणजे कुठे?”

मी चारी दिशांना बघितलं. खरंच, बाहेर कुठून सुरू होतं ते कळत नव्हतं.

“तीस वर्षं झाली,” ती म्हणाली. “गाडीतून उतरणारा प्रत्येक माणूस मला पहिला प्रश्न हाच विचारतो. भिंत कुठे आहे? सिनेमात असते ना. मी सांगते, पश्चिमेतल्या बहुतेक फोर्टांना भिंत नव्हती. इथे लाकूड कुठे आहे? आणि इथल्या मूळ लोकांनी फोर्टवर चाल करून यावं असं क्वचित घडायचं. चाल करून जायचे ते सैनिक. ह्या मूळ लोकांच्या गावांवर, त्यांच्या जमिनीवर. भिंत दाखवली की आतले बिचारे होतात आणि बाहेरचे हल्लेखोर. एका भिंतीत सगळा इतिहास उलटा होतो.”

इथे एक खुलासा केला पाहिजे. माझे आईबाबा चळवळीतले. आमच्या घरात खाटेखाली, फडताळात, पिंपावर पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी ‘कमळ’च्या आधी ‘धिक्कार’ वाचायला शिकले. डॉरिसचं ते वाक्य ऐकलं आणि माझ्या अंगातून वीज गेली. मी केलेला तट हा साधा प्लेसहोल्डर नव्हता. ती थाप होती, आणि ती मी मारली होती.

परतल्यावर दोन आठवडे मी तिचा नकाशा समोर ठेवून काम केलं. टेकडी सपाट केली. बराकी, बेकरी, हॉस्पिटल. त्या दिवसाचं ॲनिमेशनही केलं. पहाटे बिगुल वाजतो, पाण्याची गाडी नदीवर जाते, माणसं सरपण आणायला निघतात, घोडे चरायला सुटतात. ही पात्रं आपापली वाट स्वतः शोधत. मध्ये काही आलं तर वळसा घालत. तट मात्र मी डिलीट केला नाही, नुसता लपवला. प्रोग्रामर कधीच काही डिलीट करत नाही. एका चेकबॉक्सवर टिक केलं की तो पुन्हा दिसला असता.

ही माझी दुसरी चूक. पहिलीपेक्षा मोठी.

बोर्डानं नवा फोर्ट बघितला आणि त्याच दुपारी शिरीष माझ्या क्यूबिकलपाशी येऊन उभा राहिला.

“त्यांना भिंत हवी आहे.”

“कोणाला?”

“वॉल्टला.” वॉल्ट म्हणजे म्युझियमच्या बोर्डाचा चेअरमन. गावातला मोठा रँचर, शेकडो गुरांचा मालक. “तो म्हणतो, पहिल्या डेमोत फोर्ट होता, ह्यात नुसती वसाहत आहे. त्यानं डेमोचा फोटो मोठा छापून गुरांच्या खाद्याच्या दुकानात लावलाय. लोक खूश आहेत.”

“पण ते खोटं आहे!”

“मुक्ता, एक चेकबॉक्स आहे.”

“शिरीषदादा, मी त्याच्यावर टिक करणार नाही.” ऑफिसात सगळे त्याला शिरीष म्हणत. मी एकटीच दादा म्हणायचे, भांडतानासुद्धा.

“मग मी करीन.”

“कर. खाली तुझं नाव घाल.”

तो आपल्या टेबलाकडे परत गेला. संध्याकाळी डॉरिसचा फोन आला. ह्या वेळी आवाज शांत नव्हता.

“बोर्डाची मीटिंग शुक्रवारी आहे. भिंत राहिली तर मी म्युझियमच्या किल्ल्या टेबलावर ठेवून घरी जाणार. तीस वर्षं मी जे खोडत आले ते माझ्याच दारात टचस्क्रीनवर फिरताना बघायला मी थांबणार नाही.”

फोन ठेवला आणि मी जे माझ्या घरात सगळे करतात ते केलं. इंग्रजीत पत्रक लिहायला बसले. चार पानं झाली. मथळा: ‘भिंतीचं असत्य’. शुक्रवारी शिरीष गाडी चालवत होता आणि मी त्याला ते मोठ्यानं वाचून दाखवत होते.

“थांब,” तो म्हणाला. “‘तुम्ही ज्या जमिनीवर कॉफी पीत आहात’... हे काढ.”

“का? खरं आहे.”

“कॉफी तेच देणार आहेत. आणि उद्गारचिन्हं किती आहेत?”

“मोजली नाहीत.”

“मोज. मग अर्धी काढ. आणि क्लायंटला ‘लाज बाळगा’ असं लिहीत नाहीत गं.”

“लिहीत नाहीत म्हणूनच ही वेळ येते.”

“तुझ्या आईबाबांनी पत्रकं वाटून सरकार पाडलं का कधी?”

“हलवलं.”

“बरं. आज फक्त वॉल्टला हलव.”

मीटिंग म्युझियमच्या मागच्या खोलीत होती. बोर्डाचे पाच जण, डॉरिस, कॉफीचा मोठा थर्मास. डॉरिसच्या समोर किल्ल्यांचा जुडगा होता. वॉल्ट सहा फुटांहून उंच, पंजे फावड्यासारखे, वागायला अतिशय सभ्य. मी पत्रकं वाटली. त्यानं चष्मा लावला, पहिलं पान पूर्ण वाचलं, पत्रकाची व्यवस्थित घडी घातली आणि ते कॉफीच्या कपाखाली ठेवलं.

“छान लिहितेस तू,” तो म्हणाला. “पण लोक तीन तास गाडी चालवून फोर्ट बघायला येतात. त्यांना फोर्ट दिसला पाहिजे. आमच्या आजोबांनी सांगितलं होतं, भिंत होती.”

“तुझे आजोबा फोर्ट बंद झाल्यावर जन्मले, वॉल्ट,” डॉरिस म्हणाली.

“ऐकीव असेल. पण होती.”

मी उभी राहिले. जमीन, सैन्य, कोण कोणावर चालून गेलं, सगळं बोलले. कोणी मध्येच थांबवलं नाही. बोर्डातल्या एका बाईंनी माझ्याकडे कुकीची प्लेट सरकवली. अमेरिकेत असहमती अशीही दाखवतात. डॉरिसनं जुडगा उचलला आणि टेबलाच्या मध्यावर ठेवला.

माझं डोकं फिरलं. “हवी ना भिंत?” मी म्हणाले. “ही घ्या!” लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेलाच होता. मी चेकबॉक्सवर टिक केलं. सपाटीवर माझा सातारी तट उभा राहिला, बुरुजांसकट. वॉल्टचा चेहरा उजळला.

पण ॲनिमेशन चालू होतं. बिगुल वाजला. पाण्याची गाडी नदीकडे निघाली. नदी तटाच्या बाहेर. गाडी वळसा शोधत महादरवाजापाशी आली आणि बुरुजांमधल्या वळणात अडकली. ती वाट मुळात शत्रूला अडकवण्यासाठीच असते. तिच्या मागून सरपणवाले आले. त्यांच्या मागून धोबिणी, कपड्यांच्या टोपल्या घेऊन. मग घोडे सुटले. कोणालाच मागे फिरता येईना. प्रोग्राममध्ये मी ते शिकवलंच नव्हतं. घोडे धोबिणींच्या आरपार जाऊ लागले. एक खेचर पाण्याच्या गाडीवर चढलं आणि तिथेच पाय हलवत राहिलं. अधिकारी व्हरांड्यातून हे सगळं बघत सिगार ओढत होते, कारण त्यांचा तेवढाच प्रोग्राम होता.

मी घाईनं टिक काढायला गेले. शिरीषनं माझा हात धरला. “राहू दे,” तो मराठीत म्हणाला. “त्याच्याकडे बघ.”

वॉल्ट खुर्चीत पुढे झुकला होता.

“गेट एकच?”

“एक मोठं. मागे एक लहान आहे, माणसापुरतं.”

“घोडे रोज बाहेर जायचे?”

“रोज,” डॉरिस म्हणाली. “गवत बाहेर. पाणी बाहेर. लाकूड तर दिवसभराच्या वाटेवर. सगळंच बाहेर होतं, वॉल्ट.”

“रोज सकाळी एवढी जनावरं ह्या वाकड्या बोळातून?” त्यानं मान हलवली. मग त्याचे खांदे हलायला लागले. मग तो इतका हसला की कप कलंडला आणि ‘भिंतीचं असत्य’ कॉफीत भिजलं. “माझ्या वासरांनासुद्धा मी ह्यातून नेणार नाही. हे कुठल्या गाढवानं बांधलं?”

“मी,” मी म्हणाले. सतराव्या शतकातल्या आमच्या गडकऱ्यांची बाजू मांडायची मला फार इच्छा होती. त्यांची गरज वेगळी होती, त्यांच्यावर खरोखर कोणी चालून येत होतं, हे मी सांगणार होते. शिरीषनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

“भिंत नको,” वॉल्ट म्हणाला. “ज्यानं कधी जनावरं राखली आहेत, तो इथे भिंत घालणार नाही.” बाकीच्या चौघांनी हात वर केले. डॉरिसनं जुडगा परत खिशात टाकला आणि लगेच, वॉल्ट अजून डोळे पुसत असताना, त्याच्यासमोर एक कागद सरकवला. किऑस्कच्या पहिल्या स्क्रीनवर जाणारा मजकूर: ‘ह्या फोर्टला भिंत नव्हती. इथलं सैन्य वेढ्यात सापडलेलं नव्हतं. ते दुसऱ्यांच्या जमिनीत आलेलं होतं.’

त्यानं तो वाचला. हसणं थांबलं. कुकी देणाऱ्या बाई छताकडे बघू लागल्या.

“हे असंच लिहायचं?”

“असंच,” डॉरिस म्हणाली.

त्यानं चष्मा पुसून कागद पुन्हा एकदा वाचला. “भिंत नव्हती, तर मग तेच खरं असणार,” असं काहीसं म्हणून त्यानं खाली सही केली. माझ्या चार पानांतली तीन वाक्यं उरली होती. मी आदल्या रात्री तिला मेल केलेल्या पत्रकातून ती डॉरिसनं निवडली होती. उद्गारचिन्ह एकही नव्हतं.

आमच्या कामात काहीही बदललं की चेंज रिक्वेस्टचा फॉर्म भरावा लागतो. काय बदललं, का बदललं, कोणी मंजूर केलं. वर्षभरानंतर कोणी विचारलं तर तोच पुरावा. तो वॉल्टनं त्याच टेबलावर, स्वतःच्या हातानं भरला. बदल: भिंत रद्द. कारणाच्या रकान्यात मी काय वाचण्याची आशा करत होते ते सांगत नाही. तिथे लिहिलं होतं: ‘गुरांना गैरसोयीचं.’

मी पेन मागून घेतलं आणि त्याच्या खाली सही केली. खरी गोष्ट मंजूर होत असेल तर कारणाच्या रकान्यावरून भांडू नये.