कोंडेश्वरला दाखवलेली मुलगी

गेल्या वर्षी दिवाळी उलटल्यावर एका रविवारी मी पुतणीला घेऊन कोंडेश्वरच्या कुंडांवर गेलो. तिला सांगितलं होतं, सहल आहे. सहल होतीच, पण तो तिला दाखवण्याचा कार्यक्रमही होता, आणि ते तिला माहीत नव्हतं. यात मी तिला फसवलं की जपलं, हे माझं मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ-वहिनी गेल्यापासून अंबरनाथला आमच्याकडेच वाढली. उल्हासनगरच्या निर्वासितांच्या छावणीत, बराकीत भरणाऱ्या शाळेत ती शिकवते. याआधी तीन-चार ठिकाणी तिला दाखवून झालं होतं. एकांनी सुईत दोरा ओवायला लावला, एकांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखव म्हटलं. शेवटचा नकार आला तेव्हा ती म्हणाली, "काका, आता पाट मांडलात तर मी त्यावर बसणार नाही."

म्हणून माझ्या कारखान्यातल्या एका गृहस्थांच्या मुलाचं स्थळ निघालं, तेव्हा मीच सुचवलं की घरी नको, सगळे मिळून कुंडांवर जाऊ. वाट सोपी, वयस्क माणसंही चालतात.

"मुलींना चालायला लावतातच ना? मग दोन-तीन मैल चालू दे की!" असं मी म्हटल्यावर ते हसले. माझी अट एकच, मुलीला कळता कामा नये. पत्रिका गेली होती, पण तिच्यात जन्मनाव होतं. ते घरात कुणी वापरत नाही. फोटो मी दिला नव्हता.

बायकोला हे पटलं नाही. "असल्या चोरट्या कार्यक्रमाला मी येत नाही. तुम्ही आणि तुमची कुंडं."

आदल्या दिवशी पुतणीनं सांगितलं, "मैत्रिणीला बोलावलंय. तुम्ही मोठी माणसं गप्पा मारणार, मी काय झाडं मोजत बसू?" मैत्रीण कुळगावची, तिच्याच शाळेत शिकवणारी. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी "बरं" म्हटलं.

बदलापुरात ते गृहस्थ, त्यांची पत्नी आणि मुलगा भेटले. ओळख करून द्यायची वेळ आली आणि मी अडकलो. ही माझी पुतणी, असं बोट दाखवून म्हणावं तर तिला संशय आला असता. मी म्हणालो, "या आमच्या मुली." दोघींनी नमस्कार केला. दोघीही मला काकाच म्हणतात, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

पायथ्यापर्यंत बैलगाडी, पुढे ओढ्याच्या काठानं पायवाट. पाऊस थांबून महिना झाला होता. कुंडं काठोकाठ भरलेली, वरच्यातलं पाणी खालच्यात उतरत होतं. पाणी हिरवं आणि इतकं स्थिर, की डोंगर त्यात उलटा उभा होता. मैत्रीण चपला हातात घेऊन दगडांवरून पुढे पळत होती. "काका, इकडे या! तळ दिसतोय!" मुलगा तिच्या मागे. पुतणी मात्र मुलाच्या आईचा हात धरून, त्यांची पिशवी खांद्याला लावून मागून येत होती.

मुलगा कुणाकडे बघतोय हे मी सारखा पाहत होतो. तो पाण्याकडे बघायचा तेव्हा वाटायचं, लाजतोय. मागे वळायचा तेव्हा वाटायचं, हिच्याकडे बघतोय. मग वाटायचं, आईकडे बघत असेल. मला काही उमगेना.

"अगं, तूही जा की पुढे," मी पुतणीला म्हटलं.

"आणि मावशींना वर कोण आणणार? तुम्ही?"

"राहू द्या हो," मुलाची आई म्हणाली, "किती मायेनं नेतेय पोर." मला वाटलं, जमलं.

शेवटच्या कुंडापाशी जेवलो. दशम्यांबरोबर पुतणीनं कोकी काढली. तिच्या एका विद्यार्थ्याच्या सिंधी आईनं शिकवलेली ती कांदा घातलेली जाड पोळी. मुलानं विचारलं, ही करतात कशी? मैत्रीण म्हणाली, "मला खायला येते. करायचं हिला विचारा." सगळे हसले. मीही हसलो.

दोन दिवसांनी गृहस्थ कारखान्याच्या फाटकात भेटले. "पसंत आहे! धीट आहे हो तुमची पुतणी. दगडांवरून काय पळत होती! तुम्हाला 'काका' म्हणून हाक मारली तेव्हाच आमची ही म्हणाली, हीच ती." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि ती मैत्रीण, आमच्या हिला हात धरून नेणारी? गुणी मुलगी. तिचं कुठे जमत नाही वाटतं?"

मी "बघू" म्हणालो.

हे ऐकून बायको म्हणाली, "बोट दाखवायला तुमचं काय जात होतं?" शेवटी पुतणीला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. आधी हसली. मग म्हणाली, "म्हणजे पुन्हा नापसंत?"

"नाही गं. तुला त्यांनी पाहिलंच नाही." बोलून गेल्यावर कळलं, हे त्याहून वाईट होतं.

"मी त्यांना खरं सांगतो," मी म्हणालो. "त्यांच्या पत्नीला तर तूच..."

"नको. माझ्या मैत्रिणीला तो आवडलाय. परतताना बैलगाडीत माझ्या कानात सांगत होती. तिच्या वडिलांकडे जा."

"आणि तुला?"

तिनं जुडीची दोरी सोडवली. "मला कुणाला बघायचंय हेच माहीत नव्हतं, काका."

रविवारी मी कुळगावला गेलो. त्याआधी गृहस्थांना चूक सांगितली होती. ते गोंधळले, पण मुलगा दगडांवरून पळणाऱ्या मुलीवरच अडून बसला. मैत्रिणीच्या वडिलांना इतका आनंद झाला की त्यांनी माझे हात धरले, बळेबळे कागदात साखर बांधून दिली. "तुमचे उपकार कसे फेडू? तुमच्या पुतणीचंही लवकर होऊ दे."

साखर घेऊन घरी आलो. ती पुतणीपुढे ठेवावी की फडताळात लपवावी, ते कळेना, म्हणून पुडी हातातच राहिली. तिनंच ती सोडवली, चिमूट तोंडात टाकली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. बराच वेळ आतून भांड्याचा आवाज आला नाही. मी दारापर्यंत गेलो आणि तिथंच उभा राहिलो.