कॉम्प्युटरची परीक्षा

लोखंड कापणारं मिलिंग मशीन चालवायला कॉम्प्युटर निवडताना त्याचा वेग बघायचा नसतो, मशीनला हुकूम द्यायला त्याला होणारा उशीर बघायचा असतो. शेठनी कौतुकानं आणलेला नवा लॅपटॉप मी टेबलावर ठेवला, त्यावर गाणी लावली, फायली कॉपी करत ठेवल्या आणि त्याला छळत बसलो. सकाळभर बिचारा वेळेवर चालला. दुपारी एकदाच, पापणी लवेल इतकाच, अडखळला. मशीनवर तेवढ्यात कटर मोडतो. एरवी कितीही चांगला असो, मोजायचा तो त्याचा सगळ्यात वाईट क्षण.

ही परीक्षा मला ओळखीची आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच. एकदा नापास झालो असतो, तर थेट वीटभट्टीवर. झालो नाही.

शेजारी आमचे जुने ऑपरेटर साळुंखेमामा उभे होते. मागच्या आठवड्यात अंगात ताप असताना त्यांच्या हातून मशीनवर लावलेला एक जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, बिघडला होता. त्यांना ठेवायचं की काढायचं, हे शेठनी माझ्यावर सोडलं होतं.

"एकदाच तर चुकलंय," मामा लॅपटॉपकडे बघत म्हणाले. "घ्या की सांभाळून, साहेब."

मी वायर उपटली.

"एकदाच पुरतं, मामा."