गोराईच्या खाडीत रावसाची पिल्लं शोधताना

मुलुंडची बाई शनिवारी सकाळी सकाळी बोरीवलीला निघते, तेही गुडघाभर चिखलात उतरायला, म्हटल्यावर घरच्यांनी मला वेड्यात काढलं. पण आमच्या मासे मोजणाऱ्या हौशी गटाची ही गोराईतली तिसरी फेरी होती. आधीच्या दोन फेऱ्यांत रावसाचं एकही पिल्लू सापडलं नव्हतं. आजही नाही सापडलं, तर ही जागा रावस वाढणाऱ्या खाड्यांच्या आमच्या यादीतून जाणार होती.

बोरीवली पश्चिमेहून गोराई जेट्टीपर्यंत शेअर रिक्षा मिळते. सुट्टे पैसे ठेवा आणि पट्ट्याचेच बूट घाला. माझी एक चप्पल अजून त्या चिखलात आहे. जेट्टीवर भारतीमावशी होडी घेऊन उभ्या होत्या. सगळं आयुष्य त्यांनी या खाडीत मासेमारी केलीय. इथं रावस वाढतो, हे पहिल्या दिवशी त्यांनीच ठासून सांगितलं होतं.

"कागदावर 'इथं काय नाय' लिवलं, का उद्या भराव टाकाला मोकले," त्या वल्हवता वल्हवता म्हणाल्या.

ओहोटी लागली होती. तिवरांच्या कडेनं आम्ही जाळं ओढलं. बोटाएवढे चंदेरी मासे उड्या मारायला लागले आणि मला उगाचच हसू फुटलं. मी एकेक मासा तळहातावर घेऊन नाव सांगत होते, गटाचा म्होरक्या नितीन लिहीत होता.

"बोय. परत बोय. हा पण बोय."

"वाट लागली यार," नितीन म्हणाला. बोय काय, कुठल्याही खाडीत मिळतो.

आधीच्या फेऱ्यांना होडीतच थांबलेल्या मावशींनी आज जवळ येऊन वाकून पाहिलं. "अगो, तू रावस खाल्लायस ना?"

"म्हणजे काय मावशी, दर रविवारी!"

"तुकडीच खाल्लीस. पान्यान सोड त्याला. भायेर काढलास तर मिशा पोटाला चिकटतान."

नितीननं काचेच्या बरणीत खाडीचं पाणी भरलं. मी मासा सोडला. तो वळला आणि कल्ल्यांच्या खालून केसांसारखे पांढरे धागे पसरले. बोयला असलं काही नसतं. रावस! मी इतकी ओरडले की समोरचा बगळा उडाला. नितीन नाचायला गेला आणि चिखलात बसला. अकरा पिल्लं मोजली, सगळी परत सोडली. मग मावशींच्या घरी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी झाली, झकास.

घरी आल्यावर आंघोळीआधीच आधीच्या फेऱ्यांचे फोटो मोठे करून पाहिले. माझ्याच तळहातावर, पोटाला चिकटलेले ते धागे दिसत होते. दोन्ही वेळी मी रावस हातात धरून 'रावस नाही' असं सांगून आले होते. लाज वाटली, पण आनंद तिच्याहून मोठा होता. नोंदी दुरुस्त केल्या आणि फोन लावला.

"मावशी, तिन्ही वेळी होते!"

"मना ठाव हाय गो," त्या म्हणाल्या. "तू लिवलंस का?"

"लिहिलं, मावशी."